पंपाखालचा डबा

आमच्या शेडची मागची भिंत मेंढ्या चाटायच्या. आधी मला वाटलं, सावलीला उभ्या राहत असतील. मग एकदा जवळ जाऊन पाहिलं. सगळा कळप भिंतीला तोंड लावून ओळीनं उभा, एकीच्याही तोंडून आवाज नाही, फक्त खरखरीत जिभा भिंतीवरून फिरताना ऐकू येत होत्या. त्यांना हाकणारा म्हातारा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. त्याला त्यात विचित्र काही वाटत नव्हतं. माझ्या मात्र भर दुपारी अंगावर काटा आला, आणि अंगावर काटा आला की मला राग येतो. हा माझा जुना स्वभाव आहे.

कारण साधंच होतं. त्या भिंतीच्या आत आमचं मिठाच्या धुक्याचं कपाट होतं. समुद्रावर वापरायचा धातू गंजतो की नाही हे बघायला त्याचे तुकडे त्या कपाटात टांगून ठेवायचे आणि आत खाऱ्या पाण्याचा बारीक फवारा सोडायचा. कपाटातलं धुकं बाहेर टाकणारी नळी भिंतीतून मागं निघायची. ते धुकं उन्हात वाळून वाळून भिंतीवर मिठाचा थर धरला होता. मेंढ्यांना तो वासानं कळला. झाडपाला नव्हताच कुठं, निदान मीठ तरी होतं.

शहराच्या पाट्यांवर तेव्हा अजून जुनंच नाव होतं. लागोपाठ दुष्काळ पडत होते, आणि त्याच वर्षांत शहर मात्र चहूबाजूंनी सुटलं होतं. मुकुंदवाडीला आमच्या घराच्या गच्चीवरून पूर्वी मोकळं माळरान दिसायचं, तिथं आता उंच इमारती उभ्या राहत होत्या. शेंद्र्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर पोहण्याच्या तलावाची चित्रं असलेले फलक लागले होते, आणि त्या फलकांच्या खाली टँकरची रांग. हर्सूलच्या तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि पोरं तिथं क्रिकेट खेळत होती. नळाला कधी पाणी येईल ते कोणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. आमच्या आईनं घरातलं एकही भांडं रिकामं ठेवलं नव्हतं. पातेली, कळशा, कुकर, चहाचे कप, एवढंच काय, देवघरातलं ताम्हनसुद्धा काठोकाठ भरलेलं. कपात चहा प्यायचा तर आधी कपातलं पाणी दुसरीकडं ओतायला जागा शोधावी लागायची. आमच्या घराण्यात सगळे कारकून. कागद फेकायचा नाही हा आमचा जुना धर्म, आता त्यात पाण्याची भर पडली होती.

आमच्या शेडमध्ये धातूचं प्रिंटिंग चालायचं. लोकांना सांगितलं की लोक हसायचे, म्हणून थोडं सांगते. खास जातीच्या स्टेनलेस पोलादाची पिठासारखी बारीक भुकटी असते. मशीनच्या बंद पेटीत तिचा कागदाएवढा पातळ थर पसरतो. वरून लेझरचा किरण येतो आणि हव्या त्या आकारात तेवढीच भुकटी वितळवून घट्ट करतो. मग पुन्हा थर, पुन्हा किरण. पेटीतली हवा काढून टाकून तिच्यात आर्गॉन वायू भरलेला असतो. त्यात धातू जळत नाही, पण माणूस त्यात डोकं घालून बसला तर गुदमरून मरेल. पेटीच्या काचेतून आत पाहिलं की एक ठिणगी राखेवर आपलं आपण लिहीत चाललेली दिसायची. काम झालं की भुकटी बाजूला सारून वस्तू बाहेर काढायची. आधी एक कड दिसायची, मग खांदा, मग पोट. जमिनीत पुरलेलं काहीतरी आपण उकरून काढतो आहोत असं मला प्रत्येक वेळी वाटायचं, आणि हे मी कधीच कोणापाशी बोलले नाही.

ती मशीन चालवणारा गडी माझ्याच वयाचा होता, पैठणकडच्या धनगर कुटुंबातला. आयटीआय करून शहरात आलेला, बोलायला कमी, हाताला स्थिर. माझ्याकडं तपासणीचं काम होतं. वस्तू गळते का, गंजते का, आतून पोकळ राहिली आहे का, हे मी बघायचे. मालक शहागंजच्या एका जुन्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. वडिलांनी जन्मभर भंगार विकलं आणि मी समुद्र जिंकणार, असं तो स्वतःच चेष्टेनं म्हणायचा.

मोठं काम मिळालं होतं ते टगबोटींचं. बंदरात मोठाल्या जहाजांना ओढून धक्क्याला लावतात त्या बुटक्या, दणकट बोटी. त्यांच्या इंजिनाला थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत ओढणारा एक पंप असतो. त्या पंपाचं बाहेरचं कवच आम्ही करत होतो. त्याच्या भिंतीच्या आतून वळणावळणाची पोकळ वाट जायची. ओतीव कामात ती जमली नसती, प्रिंटिंगमध्ये जमत होती. पहिलं कवच एका बोटीवर बसलं, आणि त्याच्या पाठोपाठ मशीनवाल्याचा धाकटा भाऊही त्याच बोटीवर गेला.

ते असं झालं. त्या वर्षी त्यांच्या घरानं मेंढरं विकून टाकली. चारा नाही, पाणी नाही, ठेवून करणार काय. धाकट्याला कळपाशिवाय काही येत नव्हतं. तो घरी बसून राहायचा आणि संध्याकाळ झाली की सवयीनं उठून मेंढरांच्या रिकाम्या वाड्याचं फाटक लावायचा. थोरल्याला ते बघवेना. बोटवाल्या कंपनीचे इंजिनिअर कवच बघायला आले तेव्हा त्यानं, जो कोणाकडं चहासुद्धा मागत नसे, त्यांच्याकडं भावासाठी काम मागितलं. त्यांनी इंजिनखोलीत पुसापुशीला, तेलपाण्याला घेतो म्हणून सांगितलं. निघताना धाकटा शेडमध्ये पाया पडायला आला. रॅकवरच्या दुसऱ्या कवचावरून त्यानं हात फिरवला आणि विचारलं, हेच तिथंबी आहे ना. थोरला हो म्हणाला. तेवढ्यानं त्याला बरं वाटलं. अनोळखी मुलखात आपल्या माणसाच्या हातची एक वस्तू आहे, असंच त्याला वाटलं असणार.

आता पाण्याचं सांगते. कवच तयार झालं की त्याची सगळी तोंडं बुचं घालून बंद करायची, आत पाणी भरायचं आणि दाब देऊन बघायचं, कुठून झिरपतं का. चाचणी संपली की पाणी ओतून द्यायचं, आतला भाग शुद्ध पाण्यानं धुवायचा आणि गरम हवेनं कोरडा करायचा. भिंतीवर तसा कागदही लावलेला होता. पण पाणी ओतून द्यायचं म्हणजे कुठं? टँकरचं पाणी, ज्याच्यासाठी वॉचमन आणि ड्रायव्हर रोज एकमेकांचे गळे धरायचे, ते गटारात ओतायचं? हात होतच नसत कोणाचे. मग अशी रीत पडली की एका कवचातलं पाणी पुढच्या कवचाच्या चाचणीला वापरायचं. आणि पुढचं कवच तयार होईपर्यंत ते ठेवायचं कुठं? आधीच्याच कवचात. बुचं तशीच ठेवून. हे कोणी ठरवलं नव्हतं. मालकानं सांगितलं नाही, मी सांगितलं नाही, मशीनवाल्यानंही सांगितलं नाही. घराघरात जे चाललं होतं तेच शेडमध्ये आलं. भांडं रिकामं कशाला ठेवायचं? रॅकवरची कवचं भरलेली असायची आणि ती तशी भरलेली पाहून सगळ्यांना आतून बरं वाटायचं.

टँकर भरायचा तो शेंद्र्याच्या पलीकडच्या एका बोअरवर. दर उन्हाळ्यात ती बोअर आणखी खाली नेली जायची. ड्रायव्हर सांगायचा, आता पाणी एवढ्या खालून येतं की कोमट असतं. चवीला मचूळ, आणि बादलीच्या कडेला तांबूस साय धरायची. मी एकदा ओंजळीत घेऊन वास घेतला. वास गंजाचा होता, पण त्याच्या खाली आणखी कसलासा होता, बंद खोलीचा. उजेड कधी न पाहिलेलं पाणी आपण वर ओढून आणतो आहोत हा विचार मला अजिबात आवडला नाही.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी रॅकवरचं कवच रडत होतं. हा शब्द माझा नाही, झाडलोट करणाऱ्या मावशींचा. पण दुसरा शब्द मलाही सुचला नाही. बुचापासून दूर, जिथं नुसती सलग, गुळगुळीत भिंत होती, तिथून एक तांबडा ओघळ खाली आला होता आणि टोकाशी थेंब लोंबत होता. मी फडक्यानं पुसला. कुठं भोक नाही, भेग नाही. दुसऱ्या दिवशी ओघळ पुन्हा तिथंच. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कवचालाही आला, आणि पहिल्याच्या कपाळाला कोणीतरी हळद-कुंकू लावून समोर उदबत्ती खोवली होती. मी फार चिडले. भुकटीच्या शेडमध्ये विस्तव आणता, अक्कल गहाण टाकली का, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. उदबत्ती विझवली. कुंकू पुसायला मात्र माझा हात धजेना. मावशी माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांना ते कळलं.

मग मी लाकडी हातोडीनं कवच ठोकून पाहिलं. चांगलं कवच घंटेसारखं वाजतं. हे बद्द वाजलं. मशीनवाल्याला म्हटलं, बूच काढा. त्यानं पाना लावून बूच सैल केलं आणि आधी आलं ते पाणी नव्हे, वास आला. मेलेल्या विहिरीचा वास. आम्ही दोघंही मागं सरकलो. मग काळपट पाणी आलं, शेवाळासारखे धागे घेऊन. त्या बंद पोलादात, एक किरणही आत जात नाही अशा वाटेत, काहीतरी जगत होतं, वाढत होतं.

मी कवच कापलं. बाहेरच्या अंगाला सुईच्या टोकाएवढं छिद्र, जे डोळ्यांना दिसलंच नव्हतं. आणि त्याच्या मागं भिंतीच्या पोटात बोटाचं पेर मावेल एवढी पोकळी. किडलेली ज्वारी असते तसं. दाणा वरून धडधाकट, एक बारीक भोक, आणि आत पीठ संपलेलं. अशा पोकळ्या एक नव्हे, त्या वळणाच्या वाटेनं जागोजागी होत्या. हा धातू समुद्राला भीत नाही. वाहत्या खाऱ्या पाण्यात तो वर्षानुवर्षं टिकतो. पण साचलेलं, मचूळ, जिवंत पाणी त्याच्या खडबडीत पोटात महिनोन् महिने बसून राहिलं तर तो एका जागी हरतो, आणि एकदा हरायला लागला की तिथं थांबत नाही. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं. पाणी ओतून द्यायला एवढी माया आडवी येईल, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

मशीनवाला त्या कापलेल्या तुकड्याकडं बघत होता. त्यानं विचारलं, "पहिल्या कवचात पाणी किती दिवस होतं, ताई?"

पहिलंच ते. दुसरं तयार व्हायला मशीन बिघडल्यामुळं फार उशीर झाला होता. सगळ्यात जास्त दिवस भरून राहिलेलं कवच तेच होतं, आणि आता ते समुद्राच्या पातळीच्या खाली, एका इंजिनखोलीत, त्याच्या भावाच्या डोक्याशेजारी बसवलेलं होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आम्ही फोन लावत सुटलो. मालकानं कंपनीला लावला, तिथं सुट्टी. इंजिनिअरचा फोन बंद. धाकट्याचा संपर्काच्या बाहेर. खोल इंजिनखोलीत फोन लागत नाही, हे आम्हाला माहीत होतं, तरी लावत राहिलो. मागच्या भिंतीवर जिभांचा आवाज चालू होता. मशीनच्या काचेत ती ठिणगी आपली लिहीतच होती, तिला थांबवायचं कोणाला सुचलं नाही. रॅकवरून थेंब पडायचा आणि आम्ही तिघंही तिकडं बघायचो.

दुपारी धाकट्याचाच फोन आला. बोट धक्क्याला बांधली होती, तो जेवायला वर आला होता. थोरल्यानं फोन स्पीकरवर टाकला आणि कवचाबद्दल विचारलं.

"गळायलंय थोडं," धाकटा म्हणाला. "लई दिवस झाले. मी खाली डबा ठिवलाय."

थोरल्यानं फोन माझ्याकडं सरकवला. मी विचारलं, "वर साहेबांना सांगितलंत का?"

"त्यात काय सांगायचं, ताई? पाणीच तर हाय. डबा भरला की पाय धुतो, फरशी पुसतो. वाया नाय जाऊ देत."

मी विचारलं, डबा भरायला किती वेळ लागतो. आधी दिवसभर लागायचा, तो म्हणाला. आता जेवण होईस्तोवर भरतो. हे सांगताना त्याच्या आवाजात समाधान होतं, एखाद्याच्या विहिरीला पाणी लागावं तसं. मी त्याला सांगितलं, आत्ताच्या आत्ता साहेबांना गाठा, समुद्राकडचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगा, आणि तुम्ही खाली पाऊल टाकू नका. तो व्हय म्हणाला. थोरल्यानं त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. पुन्हा व्हय म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत काही कळलं नाही. मालक टेबलाशी डोकं धरून बसला होता. थोरला रॅकसमोर उकिडवा बसला होता, पूर्वी मेंढरांसमोर बसत असेल तसा. त्यानं एकदाच तोंड उघडलं. म्हणाला, मीच लावला त्याला तिथं.

दिवस मावळताना बोटीवरच्या इंजिनिअरचा फोन आला. कवच फुटलं होतं. इंजिनखोलीत पाणी शिरलं, पण बोट बांधलेली असल्यामुळं आणि व्हॉल्व्ह वेळेत बंद केल्यामुळं वाचली. पोरगा खाली सापडला, त्याला कॉलर धरून वर ओढावं लागलं. ठीक आहे तो. पण हलत नव्हता, असं इंजिनिअर दोनदा म्हणाले. पाणी कमरेपर्यंत चढलं तरी जागचा हलत नव्हता.

काही दिवसांनी धाकटा परत आला, आणि घरी जाण्याआधी शेडमध्येच आला. वाळला होता, काळवंडला होता, बाकी धडधाकट. त्या आठवड्यातच आम्ही सगळी कवचं रिकामी केली होती. मालकानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, इथून पुढं चाचणीचं पाणी जागच्या जागी जमिनीवर ओतायचं, कोणी भांडं आणायचं नाही. चहा आला. धाकटा स्टुलावर बसून फुंकून फुंकून पीत होता. थोरला त्याच्यासमोर नव्या कवचाची चाचणी करत होता. माझा स्वभाव मला गप्प बसू देईना. मी विचारलं, साहेबांना सांगितल्यावर तुम्ही परत खाली कशाला गेलात?

"डबा भरला आसंल, म्हणून," तो म्हणाला.

आणि कवच फुटल्यावर? जिना तर समोरच होता ना?

त्यानं ग्लासावर पुन्हा एकदा फुंकर मारली. मग म्हणाला, "पाणी कोमट होतं, ताई. आपल्या टँकरच्या पाण्यावाणी. अन् लई होतं. एवढं पाणी मी कधी बघितलं नव्हतं. पळावं आसं वाटलंच नाय. मी भरायला काही सापडतंय का, ते हुडकायलो होतो."

थोरल्यानं दाब उतरवला आणि ठरल्याप्रमाणं कवचाचं बूच काढलं. पाणी धारेनं जमिनीवर पडायला लागलं, सिमेंटवरून पसरत दाराकडं निघालं. धाकट्याचं लक्ष आमच्याकडं नव्हतंच. त्यानं ग्लासात उरलेला चहा एका घोटात संपवला, स्टुलावरून खाली वाकला आणि रिकामा ग्लास त्या धारेखाली धरला.

थोरल्यानं त्याचं मनगट पकडलं. "राहू दे," तो म्हणाला. ग्लास भरला, वाहायला लागला, दोघांच्या हातांवरून पाणी खाली जात राहिलं. एकानं हात काढला नाही, दुसऱ्यानं सोडला नाही. मालक आणि मी तिथंच उभे होतो. माझ्या डाव्या हातात माझा चहाचा ग्लास होता, तोही मी कधी रिकामा केला होता ते मला आठवत नाही.